‘इतर’चा रकाना

पेढ्यांचा डबा टेबलाभोवती फिरून परत आला, तरी नसीमबाईंनी आपला पेढा तोंडात टाकला नव्हता. समोर भिंतीवर दिव्यानीने आलेख पाडला होता आणि त्यातली लाल रेघ दोन वर्षांत अशी घसरत आली होती, की बघणाऱ्याला धन्य वाटावं. एटापल्लीकडच्या जंगलातल्या चाळीस गावांत पहिल्या महिन्यात दगावणारी बाळं हजारी एकसष्ट होती, ती एकोणीसवर आली होती. आरोग्य पथकाचे प्रमुख डॉ. संघपाल रामटेके, ज्यांना एरवी हसायला जणू पैसे पडतात, तेसुद्धा आज दोन पेढे खाऊन मोकळे झाले होते. या चाळीस गावांच्या पर्यवेक्षिका नसीमबाईच. त्यामुळे शाल आणि नारळही त्यांच्याच नावाने आणून ठेवला होता.

आणि नेमक्या त्याच वेळी बाईंनी पेढा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "सर, मले हे पटून नाई राह्यलं."

खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नसीमबाईंची ही खोड चंद्रपूरच्या त्या ऑफिसात कोणाला नवी नव्हती. बाई आरमोरीच्या, वय चोपन्न, नवऱ्याचं तिथे शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. आठवड्यातले सहा दिवस त्या एटापल्लीत भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि सातव्या दिवशी आरमोरीला जाऊन नवाबमियांच्या दुकानातला पसारा आवरायच्या. बावीस वर्षं त्यांनी ही गावं पायाखाली घातली होती. ज्या घराच्या ओसरीवर आपण बसलो नाही, त्या घराचा आकडा खरा मानायचा नाही, असा त्यांचा बाणा होता. कारलं तुपात तळलं आणि साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, असं त्यांच्या माघारी दिव्यानी म्हणायची. दिव्यानी घुग्घुसची, कोळसा खाणीतल्या कामगाराची मुलगी, शिकून पथकाची सगळी आकडेवारी सांभाळणारी. टॅबलेटवर नोंदी घ्यायची पद्धत तिनेच बसवली होती. त्यामुळे आलेखावर कोणी शंका घेतली की ती तिला स्वतःलाच लागायची.

बाईंनी फार काही मागितलं नाही. मरकागुडा आणि त्याच्या आजूबाजूची आठ गावं बुधरी नावाच्या कार्यकर्तीकडे होती. त्या आठ गावांत दोन वर्षांत किती बाया पोटुशी राहिल्या आणि किती बाळंत झाल्या, एवढंच वाचून दाखव, असं त्या म्हणाल्या. दिव्यानीने वाचलं. पोटुशी एकशे अठरा, जन्म एकशे चार, मृत्यू एक.

मग उरलेल्या चौदा बाया गेल्या कुठे, असं बाईंनी विचारलं. दिव्यानी म्हणाली, त्या ‘इतर’मध्ये आहेत. म्हणजे पोट पडलं असेल, बाई माहेरी निघून गेली असेल, असलं काहीबाही. बाईंनी चाळीसही गावांचं ‘इतर’ काढायला लावलं. ते एक्कावन्न निघाले. त्यातली एकही नोंद आजवर कोणी उघडून पाहिली नव्हती.

डॉक्टरसाहेबांचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला. त्यांनी अडचण लपवली नाही. शनिवारी संध्याकाळी पाचला अहवाल वर जाणार होता. मृत्यू कमी झाले म्हणून या चाळीस गावांतल्या नवजात बाळांच्या घरभेटी बंद करायच्या आणि पथक दुसऱ्या तालुक्यात हलवायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं. ते म्हणाले, "बाई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण फॉर्म असेल तर तो मृत्यू. फॉर्म नसेल तर ती अफवा."

"आज सोमवार आहे," बाई म्हणाल्या. "शनिवारपर्यंत फॉर्म देतो. पण या मॅडमले माझ्यासंग पाठवा. उंटावरून शेळ्या हाकून लय दिवस झाले."

दिव्यानीला राग आला, पण ती निघाली.

जीप लटारूभाऊंची. पथकाचे ते जुने ड्रायव्हर, आणि फुकटचा सल्ला देण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, शाल घ्यायची होती, नारळ फोडायचा होता, आपलंच आपण कशाला उघडं पाडायचं, असं ते आलापल्ली येईपर्यंत सांगत राहिले. बाईंनी त्यांना एकदाच सांगितलं की मुठीत लेकरं असली तर ती झाकून ठेवता येत नाही. त्यानंतर लटारूभाऊ मरकागुडा येईपर्यंत नुसती गाडीच चालवत राहिले.

मोहाचे दिवस होते. गावात शिरलं की दर अंगणात फुलं वाळत घातलेली आणि हवेला तो गोड, जडसर वास. बुधरी एका घरी बाळाचं वजन करत होती. ती सत्ताविशीची, आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली आणि मरकागुड्यातच दिलेली माडिया आदिवासी मुलगी. तिने आढ्याला काटा अडकवला, रिकामी झोळी टांगून काटा शून्यावर आणला, मग बाळाला झोळीत घातलं आणि ते हलायचं थांबेपर्यंत श्वास रोखून वाट पाहिली. नसीमबाई दारातून बघत होत्या. हे सगळं त्यांनीच तिला शिकवलं होतं, आणि पोरगी एक पायरीही गाळत नव्हती. अशा पोरीकडून चौदा बाया ‘इतर’मध्ये कशा जातात, हे त्यांना कळेना.

बाहेर चिंचेखाली बसल्यावर त्यांनी सरळच विचारलं. बुधरीने काही लपवलं नाही. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. जन्माची नोंद करायची तर टॅबलेट आधी बाळाचं नाव मागतो, नाव घातल्याशिवाय पुढे सरकत नाही. ज्याचं नावच पडलं नाही त्याचं ती काय लिहिणार? मग त्या बाईला ‘इतर’मध्ये टाकायचं, आणि तो रकाना कसा लगेच हिरवा होतो, म्हणजे नोंद पुरी.

"मग ती बाळं मेली, ते लिहिलं काऊन नाई?" बाईंनी विचारलं.

"ती मेली नाई, बाई," बुधरी म्हणाली. "ती आलीच नव्हती."

दिव्यानीला यातलं काही कळलं नाही. बुधरीने तिला समजावून सांगितलं. या गावांत बाळ झालं की ते नऊ-दहा दिवस पाहुणा असतं. मग घरातली म्हातारी पाण्याच्या वाटीत तांदळाचे दाणे सोडते आणि गेलेल्या आजे-पणज्यांची नावं एकेक करून घेते. ज्या नावाला दाणे एकमेकांना चिकटतात, तो माणूस परत आला. मग तेच नाव, आणि मग ते बाळ घरचं. त्याच्या आधीच गेलं तर ते वाटेतून परत फिरलं, पुन्हा येईल. त्याला मेलेल्यांत मोजलं तर त्याची यायची वाट बंद होते. म्हणून कोणी मोजत नाही आणि कोणी बोलतही नाही.

नसीमबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. राग बुधरीवर नाही, स्वतःवरच. हे त्यांना ठाऊक होतं. एकोणीस वर्षांपूर्वी इथल्याच एका म्हाताऱ्या सुईणीने त्यांना चुलीपाशी बसवून हेच सांगितलं होतं. तेव्हापासून त्या मेलं का, असं कधी विचारतच नसत. बाळंतपणाच्या पहिल्याच दिवशी घरी जाऊन बसायच्या, वहीत नुसतं ‘बाळ’ लिहायच्या, आणि पुढे त्याचं नाव पडलं नाही की काय झालं ते न विचारताच कळायचं. मग टॅबलेट आले आणि घरोघर जायचं काम कार्यकर्त्यांकडे गेलं. त्यांनी पाच कार्यकर्त्यांना दोन दिवस सभागृहात बसवून चार्जिंग कसं करायचं, फोटो कसा काढायचा, सगळं शिकवलं. फक्त हे सांगायचं राहून गेलं. भाजीत मीठ घालायचं असतं हे जसं कोणी लिहून ठेवत नाही, तसं त्यांनीही ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची तरी कोणाकडे?

नाव सक्तीचं का केलं, ते दिव्यानीने खालच्या आवाजात सांगितलं. एकाच घरात ‘बाळ’, ‘बाळ’, ‘बाळ’ अशा तीन नोंदी यायच्या, तेच लेकरू दोनदा मोजलं जायचं. चूक टाळायलाच तिने ते केलं होतं. आणि बोलता बोलता बुधरी अजून एक गोष्ट बोलून गेली. जन्माची नोंद झाल्याशिवाय घरभेटीचं पान उघडत नाही. म्हणून पाचही जणी आता नाव पडल्यावरच भेटीला जातात. आधी जाऊन लिहायचं कुठे?

म्हणजे पहिले नऊ-दहा दिवस, ज्या दिवसांत बाळ थंड पडतं, दूध सोडतं, त्याच दिवसांत पथकातलं कोणी त्या घरी जात नव्हतं. दोन वर्षं.  नसीमबाई उठल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून सुरू करायचं.

मंगळवारचा दिवस वायाच गेला. बाया उजाडायच्या आधीच मोह वेचायला जातात, म्हणून हे लोकही झाडांखाली गेले. बाई एकीपाशी बसल्या आणि पूर्वी विचारायच्या तसं आडवळणाने विचारायला लागल्या. पण पूर्वी त्या पहिल्या दिवसापासून त्या घरच्या असायच्या. आता त्या दोन वर्षांनी, जीपमधून, शहरातल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. पहिलीने मान फिरवली. दुसरीने टोपली उचलली आणि ती पलीकडच्या झाडाखाली गेली. तिसरीने सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं आणि उलट यांनाच विचारलं की इतक्या सकाळी उपाशीपोटी कशाला फिरता. दुपारपर्यंत एकही फॉर्म भरला नव्हता. दिव्यानी म्हणाली, असं तर शनिवारपर्यंत पाचसुद्धा होणार नाहीत. नसीमबाईंची पाचावर धारण बसली होती, पण तिच्यापुढे त्यांनी ते दाखवलं नाही.

वाट काढली ती बुधरीने. ती दुपारभर एका झाडाखाली एकटीच बसली होती. संध्याकाळी ती सकाळी मान फिरवणाऱ्या बाईच्या अंगणात गेली, वाळत घातलेल्या मोहफुलांतली एक ओंजळ घेऊन तिच्यापुढे ठेवली आणि माडियात काहीतरी बोलली. नंतर तिने ते दोघींना सांगितलं. ती एवढंच म्हणाली होती, की तुझं जितक्या वेळा पोट वाढलं, तितकी फुलं मांड. तोंडाने काही बोलू नको.

त्या बाईने पाच फुलं ओळीने मांडली. मग बुधरीने तिच्या लेकरांची नावं एकेक करून घेतली. दर नावाला ती बाई एक फूल उचलून टोपलीत टाकत गेली. चार नावं झाली. एक फूल जमिनीवर राहिलं.

 बाईने त्या फुलाकडे पाहिलं, मग बुधरीकडे, आणि मग ती आपणहून सांगायला लागली. पथकाकडे अशा चौकशीचा सदतीस प्रश्नांचा फॉर्म असतो. बाळ कितव्या दिवशी गेलं, दूध ओढत होतं का, श्वास जोरात होता का, असे प्रश्न. बुधरीने एकही प्रश्न सोडला नाही, फक्त शब्द बदलले. पाहुण्याने दूध घेतलं का? परत फिरायच्या आधी अंग थंड लागत होतं का? बाई उत्तरं देत गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. दोन वर्षांत त्या लेकराबद्दल तिला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

दिव्यानीने त्या संध्याकाळी टेकडीवर चढून, जिथे जेमतेम रेंज मिळते तिथल्या दगडावर बसून टॅबलेटवरचा जन्मनोंदीचा फॉर्म बदलला. नाव सक्तीचं राहिलं नाही आणि घरभेटीचं पान पहिल्या दिवसापासून उघडू लागलं. खाली उतरली तेव्हा पाय काट्यांनी ओरबाडले होते. नसीमबाईंनी स्वतःच्या पिशवीतलं मलम न मागता तिच्यापुढे ठेवलं.

बुधवारी बाकीच्या चौघी कार्यकर्त्यांना एटापल्लीत बोलावून बुधरीने ही रीत शिकवली. बाईंनी मुद्दाम तिलाच पुढे केलं आणि स्वतः मागच्या सतरंजीवर बसल्या. मग चाळीस गावांत काम सुरू झालं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. सकाळी झाडांखाली, दुपारी अंगणात. कुठे पोट खरंच पडलं होतं, ते तसंच लिहिलं. एका गावच्या पुजाऱ्याने अडवलं, तेव्हा बाई त्याच्यापुढे तासभर जमिनीवर बसून राहिल्या. आम्ही कोणाला मेलेल्यांत घालत नाही, कोण कोण वाटेतून परत फिरलं तेवढंच बघतो, म्हणजे पुढच्या खेपेला वाटेत आमचं माणूस उभं करता येईल, असं त्यांनी त्याला सांगितलं. तो विचार करून बाजूला झाला.

शुक्रवारी दुपारी एकवीस फॉर्म झाले. दिव्यानीने हिशेब केला तेव्हा एकोणीसचे सत्तावन्न झाले होते. आलेखातली ती देखणी रेघ जवळजवळ जिथून निघाली तिथेच जाऊन बसली. दोन वर्षांच्या मेहनतीचं एवढंच फळ, असं बाई म्हणाल्या. पण दिव्यानीने त्यांना अजून एक गोष्ट दाखवली. पंचविसावा प्रश्न होता, पहिल्या आठवड्यात कार्यकर्तीची घरभेट झाली होती का? एकवीसच्या एकवीस ठिकाणी उत्तर एकच होतं. नाही.

टेकडीवरून डॉक्टरसाहेबांना फोन लावला.  ते म्हणाले, एकवीसपैकी एकाही बाळाला भेट झाली नव्हती, हे बोलकं आहे. भेटी निरुपयोगी नाहीत, त्या पोचल्याच नाहीत. याच्यावर मी भांडू शकतो. चाळीस गावांतल्या भेटी बंद होणार नाहीत, आणि आता त्या पहिल्या दिवसापासून होतील. मग त्यांनी विचारलं, चूक कोणाची म्हणून लिहायचं? मृत्यू लपवणाऱ्या कार्यकर्तीचं काम त्याच दिवशी बंद, हा पथकाचा नियम त्यांचाच होता.

बाईंनी पत्र आधीच लिहून ठेवलं होतं. शिकवण्यात चूक झाली, ती माझी, कार्यकर्त्यांनी काही लपवलं नाही, त्यांना विचारायची रीत मीच सांगितली नव्हती. खाली सही, नसीम नवाब शेख. डॉक्टरसाहेब बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर नसीमबाईंना आठवडाभरात पहिल्यांदा सपाटून भूक लागली.

शनिवारी सकाळी मरकागुड्याहून जीप निघायच्या आधी बुधरीने तिघांना घरी चहाला बोलावलं. घर गावाच्या टोकाला, सारवलेलं, नीटनेटकं. नवरा कोलू आवारात बांबू तासत होता. लटारूभाऊ त्याच्यापाशी जाऊन बसले. बुधरीने काळा चहा दिला, पेले परत घेतले, आणि मग ती ओसरीवर नसीमबाईंच्या समोर येऊन बसली. तिच्या मुठीत काहीतरी होतं. तिने ते जमिनीवर मांडलं. तीन मोहफुलं.

"रोशन," ती म्हणाली आणि एक फूल उचललं. "रंजीता," म्हणून दुसरं उचललं. दोन्ही लेकरं मागे अंगणात कोंबडीच्या मागे धावत होती.

तिसरं तिने उचललं नाही.

नसीमबाईंना एकदम आठवलं. दीड वर्षापूर्वी, पावसाळा सरता सरता, बुधरीने ताप आला म्हणून पंधरा दिवसांची सुट्टी घेतली होती. त्या आधी काही महिने ती सैल लुगडं नेसून फिरायची, आणि बाईंना वाटलं होतं की अंगाने भरली. स्वतःच्या कार्यकर्तीचं पोट त्यांना दिसलं नव्हतं. बावीस वर्षं दुसऱ्यांची पोटं मोजली आणि हे दिसलं नाही, याची त्यांना फार शरम वाटली.

पण त्याहून मोठी भीती वाटली. बाकीच्या बायांचं वेगळं होतं. इथे कार्यकर्तीने स्वतःच्या घरचा मृत्यू ‘इतर’मध्ये टाकला होता. मला माहीत नव्हतं, हे ती म्हणू शकत नव्हती, आणि बाईंच्या पत्राने ती झाकलीही जाणार नव्हती. त्यांनी दिव्यानीकडे पाहिलं. दिव्यानीने टॅबलेट उलटा करून मांडीवर ठेवला होता. तिलाही कळलं होतं.

"राहू दे, बुधरी," बाई म्हणाल्या. "सरांनी मंजूर केलं. भेटी चालू राहणार आहेत. एकानं काही फरक नाई पडत. तुझं काम जाईल, पोरी."

 आवारातला कोलूचा कोयता थांबला होता. बुधरी बोलली, आणि तिचा आवाज हलला नाही.

"मी त्या दिवशी मशीन उघडलं होतं, बाई. त्यानं नाव विचारलं. मी बंद केलं. पण नावासाठी नाई केलं. मले वाटलं, बुधरीच्याच घरचं वाचलं नाई, तर लोकं मले आपल्या घरात येऊ देतील काऊन? मग बाकीच्या लेकरांकडे कोण जाईल? म्हणून गप राह्यली." ती थांबली. "आता एकवीस बायांकडून बोलवून घेतलं. त्या बोलल्या. मी नाई बोलली तर मी त्यांच्या अंगणात कोणत्या तोंडानं जाऊ?"

कोलू ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला होता. तो मराठी फार बोलत नसे. त्याने बायकोकडे पाहिलं, मग नसीमबाईंकडे, आणि एकच शब्द म्हणाला. "लिहा."

पथकाचा नियम असा, की उत्तर देणाऱ्याने स्वतः फॉर्म भरायचा नाही. म्हणून प्रश्न नसीमबाईंनी विचारायचे, उत्तरं बुधरीने द्यायची आणि नोंद दिव्यानीने करायची, असं ठरलं. बाईंनी चष्मा लावला. नावाचा रकाना आला तेव्हा बुधरी म्हणाली, तो मोकळा ठेवा. दिव्यानीने तो मोकळा ठेवला.

मुलगा. वजन एक किलो आठशे. बुधरीने स्वतः काट्यावर घेतलं होतं, झोळी वजा करून. सहाव्या दिवशी सकाळी गेला. पहिले दोन दिवस दूध ओढलं, तिसऱ्या दिवसापासून वाटीचमच्याने पाजलं, किती वेळा तेही तिला तोंडपाठ होतं. कपड्यात गुंडाळून छातीशी धरून ठेवलं होतं का? हो. दिवसरात्र? हो, मी आणि त्याचा बाप, आळीपाळीनं. दवाखान्यात नेलं का? चौथ्या दिवशी निघालो, नाल्यापलीकडे रस्ता बंद होता, पाचव्या दिवशी पोचलो. ती प्रश्न पुरा व्हायच्या आधी उत्तर देत नव्हती. तिने दुसऱ्यांना शिकवलं होतं तसंच, आधी पूर्ण ऐकायची आणि मग नेमकं तेवढंच सांगायची.

पंचविसावा प्रश्न आला. तो बाईंनी आठवडाभरात एकवीस वेळा ऐकला-वाचला होता आणि त्याचं उत्तर काय असतं हे त्यांना ठाऊक झालं होतं. त्याच एका उत्तराच्या बळावर डॉक्टरसाहेब भांडणार होते. त्यांनी बुधरीकडे पाहिलं. तिलाही ते ठाऊक होतं, आणि तरी ती वाट पाहत होती.

"पहिल्या आठवड्यात कार्यकर्तीची घरभेट झाली होती का?"

"हो."

"किती वेळा?"

"रोज. सहाही दिवस."

"कोणी केली?"

"मीच केली."

दिव्यानीचं बोट पडद्यावर तसंच थांबलं. नसीमबाईंना पुढची ओळ दिसेना. त्यांनी चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, तरी दिसेना. पलीकडे कोलू पाठ फिरवून उभा होता. अंगणात कोंबडी एकदाची लेकरांच्या हाती लागली होती आणि ती दोघं हसत होती.

बुधरीने पदर कमरेला घट्ट खोचला आणि ती पुढे सरकून बसली.

"पुढचा विचारा, बाई," ती म्हणाली. "अजून बारा राह्यले."

नसीमबाईंनी सव्विसावा प्रश्न विचारला.